जहाजं कुठं गेली? : फ्रीडरिशच्या ‘समुद्रकाठच्या संन्याशा’विषयी

(कोंढा, जि. भंडारा इथं दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



समुद्रापासून इतक्या लांब, वैनगंगेच्या खोऱ्यात बसून आज आपल्याला एका समुद्राच्या चित्राबद्दल बोलायचंय. तेही जर्मनीतल्या, दोनशे वर्षांपूर्वीच्या. आधी एक विचारतो, या सभागृहात प्रत्यक्ष समुद्र पाहिलेले किती जण आहेत? हात वर करा. बरं. पुष्कळांनी पाहिलेला नाही. काही बिघडत नाही, उलट आजच्या कामाला ते बरंच आहे. समुद्र पाहिलेला माणूस चित्रासमोर येतो तो जुहूची चौपाटी सोबत घेऊनच. भेळ, घोडागाडी, भिजलेली पँट, सगळं. आणि आजच्या चित्रात यातलं काहीच नाही. चित्रकाराने एकेक करून काढून टाकलंय. काय काढलं आणि काढल्यावर काय उरलं, एवढंच मला सांगायचंय.

(पडद्यावर चित्र.)

हे बघा. चित्रकार कास्पर डाविड फ्रीडरिश. जन्म 1774, ग्राइफ्सवाल्ड नावाच्या गावात, बाल्टिक समुद्राच्या काठी. मृत्यू 1840, ड्रेस्डेनमध्ये. चित्राचं नाव ‘डेर म्योंश आम मेअर’, म्हणजे समुद्रकाठचा संन्यासी. 1808 ते 1810 या काळात तो यावर काम करत होता. कॅनव्हास 110 सेंटिमीटर उंच आणि 171.5 सेंटिमीटर रुंद, म्हणजे साधारण एका खाटेएवढा. आज ते बर्लिनच्या आल्टे नॅशनलगॅलरीत आहे.

आता यात काय दिसतं ते वरून खाली सांगतो. वर आकाश. चित्राचा जवळजवळ पाच षष्ठांश भाग नुसतं आकाश आहे. वरच्या अंगाला निळसर, थोडं उजळ. खाली येता येता ढग दाटत जातात आणि क्षितिजाजवळ ते जड, करडे होतात. त्याखाली समुद्राची एक पट्टी, काळसर हिरवी, इतकी अरुंद की पट्टीच म्हणायची. तिच्यावर थोडे पांढरे ठिपके, काही लाटांचा फेस, काही समुद्रपक्षी. आणि त्याखाली पांढुरकी वाळू. ही वाळू डावीकडून किंचित चढत येते, एका ठिकाणी बोथट टोक करते आणि पुन्हा उतरते. त्या टोकाजवळ एक माणूस उभा आहे. लांब, गडद झगा, डोकं उघडं, पाठ बरीचशी आपल्याकडे. वीतभरसुद्धा नाही तो. संपूर्ण चित्रात उभी म्हणावी अशी वस्तू तेवढी एकच.

झालं. संपलं चित्र.

इथं एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसलेली बरीच मंडळी असणार. निसर्गचित्र काढा म्हटलं की आपला हात आपोआप चालतो. दोन डोंगर, मधून अर्धा सूर्य, त्यातूनच निघालेली नदी, नदीला एक होडी, काठावर झोपडी आणि झोपडीला टेकून नारळाचं झाड. भंडारा जिल्ह्यात नारळाचं झाड कुठून आलं, विचारू नका. (हशा) हसतोय आपण, पण त्यामागं एक शहाणपण आहे. नजरेला रिकामी जागा सोसत नाही, तिला धरायला काहीतरी लागतं. होडी दिली की नजर होडीवर बसते, तिथून झोपडीवर जाते, तिथून डोंगरावर. मुलं जे भाबडेपणाने करतात तेच सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांनी अफाट कौशल्याने केलं. व्हान दे व्हेल्दे पितापुत्रांची समुद्राची चित्रं बघा. पुढं एखादी गडद होडी किंवा पाण्यात रोवलेले खांब, मध्ये एक मोठं जहाज, लांब धुक्यात बारीक शिडं. पुढची गडद वस्तू मागच्याला लांब ढकलते, जहाजांचा लहानमोठेपणा अंतर मोजून देतो. पायरी-पायरीने तुम्ही क्षितिजापर्यंत चालत जाता. समुद्र केवढा मोठा, हे तुम्हाला कळतं, कारण मोजायला पट्टी दिलेली असते.

फ्रीडरिशला हे सगळं येत होतं. आणि त्याने सुरुवातही तशीच केली होती! या चित्राची इन्फ्रारेड तपासणी झाली आहे. म्हणजे वरच्या रंगाच्या आत शिरणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांनी खालचं रेखाटन पाहायचं. त्यात संन्याशाच्या दोन्ही बाजूंना शिडाची जहाजं आखलेली सापडली. आज ती तुम्हाला दिसत नाहीत, रंगाखाली आहेत. म्हणजे चित्रकाराने आधी आपल्याला पायऱ्या दिल्या होत्या आणि मग स्वतःच काढून घेतल्या.

हे कधी झालं, त्याचाही अंदाज येतो. जून 1809 मध्ये मारी फॉन क्यूगेलगेन ही बाई, एका चित्रकाराची पत्नी, फ्रीडरिशच्या कामाच्या खोलीत गेली होती. नंतर मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात तिने या चित्राची जवळपास तक्रारच केली. तिच्या म्हणण्याचा मतितार्थ असा की एवढं मोठं पसरलेलं आकाश, पण त्यात वारा नाही, चंद्र नाही, वादळ नाही; समुद्रावर एक होडी नाही, जहाज नाही, निदान एखादा सागरी राक्षस तरी; आणि वाळूत गवताची काडी नाही. वादळ असतं तरी चाललं असतं तिला, निदान काही हललं असतं!

मला ही बाई फार आवडते. तिला चित्र आवडलं नाही, पण तिने ते नीट पाहिलं. काय काय नाही याची यादी तिने केली, आणि या चित्राची यादी अशीच करावी लागते. नंतरच्या काळात ‘अहाहा, अनंत!’ म्हणत पुढं निघून गेलेल्या टीकाकारांपेक्षा तिचं पाहणं मला जास्त प्रामाणिक वाटतं.

गंमत पुढं आहे. सप्टेंबर 1810 मध्ये, म्हणजे चित्र बर्लिनच्या प्रदर्शनात जायच्या थोडं आधी, आणखी एका पाहुण्याने त्याच्या खोलीत हे चित्र पाहिलं. त्याच्या नोंदीत रात्र आहे, कृष्णपक्षातला अर्धा चंद्र आहे आणि पहाटेचा तारा आहे. आज आहे का चंद्र? नाही. म्हणजे मध्ये आकाशात काहीतरी आलं होतं आणि तेही गेलं. बघा, दोन वर्षं हा माणूस एका रिकाम्या चित्रावर काम करतोय. काहीतरी ठेवून बघतो, पुसतो, पुन्हा ठेवतो, पुन्हा पुसतो. आपल्याला वाटतं, रिकामं चित्र काढायला काय लागतं? दोन पट्टे मारले की झालं. तसं ते होत नाही. नुसतं न रंगवलेलं असतं ते अपुरं दिसतं. हे अपुरं दिसत नाही, आणि त्याचं कारण त्याच्या हातात आहे. तिकडं वळू.

फ्रीडरिशची पहिली ओळख तैलचित्रांमुळे झालेली नाही, सेपियाच्या चित्रांमुळे झाली. सेपिया म्हणजे एकाच तपकिरी रंगाचं पाणी. ते कागदावर पातळ-दाट लावत जायचं, उजेड म्हणजे कोरा कागद. 1805 मध्ये वायमारला गटेने भरवलेल्या स्पर्धेत त्याच्या सेपिया चित्रांना बक्षीस मिळालं होतं. तैलरंगाकडे तो नेटाने वळला तो त्यानंतर, 1807च्या सुमाराला. म्हणजे हे चित्र सुरू केलं तेव्हा तैलरंगात तो तसा नवा होता, पण एका रंगाच्या गडद-फिक्यात मुरलेला होता. ज्याने कधी नुसत्या पेन्सिलने किंवा कोळशाने काम केलंय त्याला कळेल मी काय म्हणतोय. रंगाची मदत नसली की माणूस छटा फार बारकाईने ऐकायला शिकतो. ‘ऐकायला’ मुद्दाम म्हणतोय.

ती सवय त्याने तैलरंगात आणली. त्याचं आकाश जाड रंगाचं नाही. पातळ, पारदर्शक हात, एकावर एक, आणि बारीक टिपक्यांनी बसवलेले. 2013 ते 2016 या काळात बर्लिनमध्ये या चित्राची मोठी दुरुस्ती-सफाई झाली, जुनं पिवळं पडलेलं वॉर्निश निघालं आणि निळा उघडा पडला. त्या कामात निळ्यासाठी वापरलेल्या स्माल्टचाही अभ्यास झाला. स्माल्ट म्हणजे काय? कोबाल्टने निळी केलेली काच, तिची पूड. म्हणजे आकाशात अक्षरशः काच आहे. तेलात ही पूड पूर्ण झाकणारी होत नाही, अर्धवट पारदर्शक राहते. उजेड आत जातो, खालच्या थराला लागतो आणि परत येतो. त्यामुळे आकाश भिंतीसारखं थांबत नाही. नजर त्यावर आपटत नाही, आत शिरते. पण आत शिरून पोचते कुठं? कुठंच नाही, कारण एकही कड नाही, एकही ढग असा आखलेला नाही की ज्यावर नजर टेकावी.

आता याच्या उलट क्षितिज बघा. ते सरळ, कडक, या कडेपासून त्या कडेपर्यंत. दोन्ही बाजूंना चौकटीने कापलेलं. म्हणजे ते चौकटीच्या बाहेरही चालू आहे. चित्राच्या कडेला झाड नाही, खडक नाही, आपल्याला आत बसवणारी काही चौकट नाही. वर पोत इतका मऊ आणि इथं रेघ इतकी कठोर. या दोघांच्या मध्ये तो समुद्राचा काळा पट्टा. मला विचाराल तर चित्राची सगळी भीती त्या पट्ट्यात आहे. आकाशाबद्दल इतकं लिहिलं जातं, पण वाळू फिकी, आकाश फिकं आणि मध्ये हा जवळजवळ काळा समुद्र. तो हात लांबवून खोली दाखवत नाही, पुढं येतो. अंतर वाटायच्या ऐवजी अडसर वाटतो.

बरं, मग या चित्राचा भाव काय? बहुतेक ठिकाणी तुम्हाला एकच शब्द मिळेल : उदास. आणि लगेच जोडीला चित्रकाराचं आयुष्य. ते खरंच दुःखाचं होतं. सातव्या वर्षी आई गेली. तेरा वर्षांचा असताना भाऊ डोळ्यांदेखत बुडाला, कास्परला वाचवताना बुडाला असं सांगतात. मग काय, सोपं झालं! भाऊ पाण्यात गेला म्हणून समुद्र काळा, आई गेली म्हणून माणूस एकटा. विषय संपला.

मला हे पटत नाही, आणि का ते सांगतो. भावाचा मृत्यू 1787चा. चित्रात जहाजं आखली तेव्हाही भाऊ मेलेलाच होता आणि जहाजं काढली तेव्हाही. चंद्र असतानाही, चंद्र गेल्यावरही. दुःख तेवढंच राहिलं आणि चित्र बदलत गेलं. मग ते बदलण्याचं कारण दुःखात कसं सापडणार? ते त्याने चित्रासमोर उभं राहून घेतलेल्या निर्णयांत शोधायला हवं. दुःखी माणसं जगात पुष्कळ आहेत हो, इथंही असतील. जहाज पुसायचं धैर्य किती जणांकडे असतं?

आणि ‘उदास’ हा शब्दच मला चुकीचा वाटतो. आपल्या भाषेत याच्या आसपास किती शब्द आहेत बघा. सुनं, भकास, रितं, ओकंबोकं, विषण्ण. घर सुनं होतं कारण तिथं कुणी राहायचं. माळ भकास दिसतो कारण आपण तिथं हिरवं कल्पिलेलं असतं. या समुद्राने कधी काही गमावलेलं नाही. त्याला ‘उदासीन’ म्हणता येईल. मूळ संस्कृतात उदासीन म्हणजे वेगळा, वर बसलेला, ना बाजूचा ना विरुद्ध. समुद्र उदासीन आहे. आणि माणूस? माणसासाठी मराठीत एक नेमका वाक्प्रचार आहे : तो उघड्यावर आहे. ‘पोरं उघड्यावर पडली’ म्हणतो ना आपण, म्हणजे डोक्यावरचं गेलं, आडोसा गेला. या चित्राचा भाव तो आहे. आणि नुसता त्या माणसाचा नाही, आपलाही. कारण पुढची होडी, बाजूचं झाड, मापायची जहाजं हा सगळा पाहणाऱ्याचा आडोसा होता, आणि तो काढून घेतलाय.

हे तेव्हाच एकाला कळलं होतं. प्रदर्शन 1810च्या शरदात बर्लिनच्या अकादमीत भरलं. ब्रेंटानो आणि आर्निम या दोन लेखकांनी या चित्रावर एक लेख लिहिला. त्यात चित्रासमोर उभे राहून वाट्टेल ते बोलणारे प्रेक्षक होते, गमतीशीर संवाद होते. लेख गेला हाइनरिश फॉन क्लाइस्टकडे, तो तेव्हा एक दैनिक चालवत होता. त्याने सगळे संवाद उडवले, स्वतःचं घातलं आणि 13 ऑक्टोबरच्या अंकात छापून टाकला. मूळ लेखक चिडले, साहजिक आहे. पण क्लाइस्टने जे लिहिलं ते त्यांच्या थट्टेच्या फार पुढं गेलं. त्याचा आशय असा की इथं पुढच्या बाजूला चौकटीखेरीज काही नाही, आणि त्यामुळे पाहणाऱ्याची डोळे मिटायची सोयच राहत नाही. संपादकाने लेख कापून सुधारल्याचं हे एक दुर्मिळ उदाहरण. (हशा)

चित्र विकत कोणी घेतलं? प्रशियाच्या राजाने, फ्रीडरिश विल्हेल्म तिसऱ्याने, पंधरा वर्षांच्या युवराजाच्या आग्रहाखातर. त्याच वर्षी जुलैत राणी लुइझे वारली होती. देश नेपोलियनकडून हरलेला, घरात आईचं सुतक, आणि पोराला हे चित्र हवंय. यावर मी जास्त बोलत नाही.

आता संन्यासी. सगळं काढलं, मग याला का ठेवलं?

तुमच्याकडच्या झाडीपट्टीच्या नाटकाचं उदाहरण घेऊ. मागं रंगवलेला पडदा असतो, राजवाडा, जंगल. पडदा नटासाठी असतो. नट बोलायला लागला की पडद्याकडं कुणी बघत नाही. इथं उलट झालंय. पडदा वाढत वाढत सगळा रंगमंच खाऊन बसलाय, आणि नट एवढासा, प्रेक्षकांकडे पाठ करून, त्या पडद्याकडेच बघत उभा. तो आपल्यातलाच एक प्रेक्षक आहे, फक्त जरा पुढं गेलेला. तो नसता तर हे चित्र शांत, सुंदर झालं असतं. छान रंगाचे तीन पट्टे, दिवाणखान्यात लावा. तो असल्यामुळे आपल्याला मनातल्या मनात तिथं जाऊन उभं राहावं लागतं. जहाजं अंतर मोजून द्यायची; हा काहीच मोजून देत नाही, फक्त ‘इथं माणूस उभा राहू शकतो’ एवढं सांगतो.

एक गोष्ट मात्र मला खटकते. त्याचा हात हनुवटीकडे गेलेला आहे. चिंतनाची ती ठरलेली, जुनी मुद्रा. इतकं सगळं पुसणाऱ्या माणसाने ही एक खूण का ठेवली? ‘हा विचार करतोय बरं का’ असं सांगायची गरज नव्हती. नुसते खाली सोडलेले हात चालले असते. चित्रातला एवढाच इंचभर भाग मला बोलका, म्हणजे जरा जास्तच बोलका वाटतो.

मघाशी समुद्र न पाहिलेल्यांनी हात खाली ठेवले होते. पण तुमच्या पवनी तालुक्यात गोसीखुर्दचं पाणी आहे. त्याच्या काठी तुम्ही उभे राहिला असाल, तिथंही लांबवर पाणी आणि त्यावर नुसतं आभाळ दिसतं. पर्यटक फोटो काढतो. पण ज्याचं गाव त्याखाली गेलं तो बघतो तेव्हा त्याला पाण्यावर काय नाही ते दिसतं. फ्रीडरिशचा समुद्र असा नाही, तिथं खाली गाव नाही. तुलना मी ताणणार नाही. एवढंच म्हणतो की सपाट पाण्याकडे बघून ‘किती सुंदर’ याच्या पलीकडचं काही वाटू शकतं, हे तुम्हाला जर्मनीच्या माणसाने शिकवायला नको.

शेवटचा भाग थोडक्यात. 1961 मध्ये रॉबर्ट रोझेनब्लम या अमेरिकी अभ्यासकाने हे चित्र मार्क रॉथकोच्या एका अमूर्त चित्राशेजारी ठेवलं. रॉथकोकडे फक्त रंगांचे तरंगते आयत. रोझेनब्लमचं म्हणणं, रॉथकोने संन्याशालाही काढलं, आता त्याच्या जागी आपण उभे आहोत. ही मांडणी फार गाजली. आणि तिची एक वाट थेट विदर्भात येते. वासुदेव गायतोंडे, जन्म 1924, नागपूर. कुटुंब गोव्याचं, शिक्षण मुंबईत जे.जे.मध्ये, 1948 ची पदविका. भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये ते काम करायचे तेव्हा वॉर्डन रोडचा समुद्र शेजारीच होता. 1964 मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. त्यांची साठच्या दशकातली कितीतरी चित्रं बघा : रोलर आणि पॅलेट नाइफने चढवलेले, खरवडलेले पातळ थर, आतून येणारा उजेड, मध्ये कुठंतरी आडवी, क्षितिजासारखी एखादी हालचाल. ते स्वतः आपल्या कामाला ‘अमूर्त’ म्हणत नसत, ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत. वस्तू सुटलेली.

पण दोघांना एका माळेत ओवायची घाई करू नका. गायतोंड्यांसमोर तुम्ही निवांत होता, श्वास सावकाश होतो. तिथं कुणी उघड्यावर नाही, कारण तिथं कुणीच नाही. फ्रीडरिशला हे नको होतं. त्याला तो वीतभराचाही नसलेला माणूस तिथं हवा होता. रोझेनब्लमची मांडणी मला इथं अपुरी वाटते. त्याला दोन्हीकडची पोकळी एकसारखी दिसते, माणूस असलेली आणि नसलेली यातला फरक तो पटकन ओलांडतो.

एक चिठ्ठी आली आहे, एका शिक्षकांची. ‘मुलांना हे चित्र कसं दाखवावं?’ सर, भाषण न करता दाखवा. आधी त्यांना त्यांचं नेहमीचं निसर्गचित्र काढू द्या, डोंगर, नदी, झोपडी, सगळं. मग म्हणा, यातलं एक काढून टाका. मग आणखी एक. प्रत्येक वेळी काय बिघडलं ते त्यांना सांगू द्या. कुठंतरी एखादं पोरगं अडून बसेल की हे नाही काढणार. ते काय असेल, मला माहीत नाही. पण ते त्याला का काढता येत नाही, यावर तुमचा एक तास सहज जाईल. हे चित्र त्यानंतर दाखवा.

दुसरी चिठ्ठी ‘ओकवनातला मठ’ या चित्राबद्दल आहे. हो, ते याच्याच जोडीचं, त्याच प्रदर्शनात होतं, राजाने दोन्ही एकदमच घेतली. त्यात पडक्या मठाकडे एक शवपेटी नेतायत, आणि ती याच संन्याशाची असं काही जण म्हणतात. त्यावर बोलायला लागलो तर तुमची शेवटची बस जाईल. इथंच थांबतो.